मॅनेज करते

समोरच्या बिऱ्हाडातली तेजू महिन्याचं बाळ घेऊन दारात उभी होती. कुर्ता उलटा घातलेला. "येऊ का गं मदतीला?" म्हटलं, तर म्हणाली, "नको काकू, मी मॅनेज करते," आणि दार लावून घेतलं.

घरात आले, पण बसवेना. आम्ही 'रेटतेय बाई कसंबसं' म्हणायचो, की ऐकणारी पदर खोचून पुढे यायची. या मॅनेजमध्ये किती दम लागलाय, ते कळतच नाही हो!

पलीकडे बाळ रडतच होतं. तीनदा उठले, तीनदा बसले. चौथ्यांदा गेले ते विचारलंच नाही. "आण त्याला इकडे."

तेजूनं बाळ दिलं आणि उंबऱ्यावरच बसली. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. मीही बाळ घेऊन तिच्या शेजारीच टेकले.