अळवाखालचा साप

जिना फिनेलनं पुसला की आजही माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकात बहरीनला आमचं घर ईसा टाउनच्या पुढे, वाळवंटाला लागून होतं. वसईहून बॅगेत लपवून आणलेले अळवाचे कंद मी मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर लावले. पानं चांगली हाताएवढी झाली आणि त्यांच्याखाली वाळूच्या रंगाचा एक साप येऊन बसू लागला. हाकलला तरी संध्याकाळी पुन्हा हजर.

"अगं, एवढ्या वाळवंटात ओल आणि सावली फक्त तुझ्या अळवाखाली," हे म्हणाले. "तो जाईल कुठे? उपटून टाक ते."

"मफी! मुळीच नाही! अळू राहील, सापच जाईल," मी तिथल्या अरबीची फोडणी देत म्हटलं आणि बाजारातून आणलेलं फिनेल वाफ्याभोवती बदाबदा ओतलं.

अळूच करपून खलास झालं. एक वडीसुद्धा तोंडात पडली नाही. चरफडत घरात आले, तर फ्रिजखालून शेपटी बाहेर आलेली.

"आता?" मी किंचाळले.

"आता सावली घरातच उरलीये ना," हे खुर्चीवर चढत म्हणाले.

पुढे आयुष्यभर हा किस्सा ते पाहुण्यांना हसत सांगायचे. मला अजून हसू आलेलं नाही.