नसलेला क्लच

आमच्या ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हरना आम्ही सगळे मामा म्हणतो. डोंबिवलीपासून मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसतो. मला स्कूटरसुद्धा चालवता येत नाही, पण गाड्यांवर बोलायला लायसन कुठे लागतं? नवी ऑटोमॅटिक बस आली तेव्हा मीच म्हणालो, "मामा, मजा आहे तुमची. क्लच नाही, गिअर नाही, गुडघ्याला आराम!"

"कसला आराम, साहेब? डाव्या पायाला झोप येते. गाडी चालवतोय का नुसता बसलोय, तेच कळत नाय."

आधी ते रोज सकाळी गिअरच्या दांडीला झेंडूचं फूल अडकवायचे. आता तिथे बटणं आहेत. मामा फूल हातात घेऊन बटणांकडे बघत राहतात आणि शेवटी ते खिशात ठेवतात.

काल शीळफाट्याला एक टँकर आडवा घुसला. मामांनी बस बरोबर थांबवली, पण डावा पाय दाणकन रिकाम्या जागी आपटला. मला हसूच आवरेना. "मामा, क्लच नाहीये!"

"माहितेय. तुम्ही पण ब्रेक सोडा आता."

माझे दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेले होते.

आज सकाळी मामांनी फूल त्याच पत्र्याला अडकवलं. म्हणाले, "दांडी गेली तर गेली. ब्रेक एक जास्तीचा मिळाला."