शेंदराखालचे दोन बाण

इतकी वर्षं झाली, पण शेंदराचा वास आला की ते प्रकरण अजून जसंच्या तसं माझ्यापुढं उभं राहतं. निजामी अमदानीची ती शेवटची वर्षं. मी जिंतूरच्या ठाण्यावर अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. वय कमी आणि रुबाब जास्त, असा तो काळ होता.

वऱ्हाडच्या हद्दीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. एका सकाळी घोड्यावरून चोरटा माल नेणाऱ्या एकाला तिथल्या जवानानं हटकलं, तर त्यानं गोळी झाडली. गोळी जवानाच्या मांडीतून आरपार गेली. स्वार फडक्यानं तोंड बांधून होता, त्यामुळं ओळख पटेना. परभणीहून मोहतमीम साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांचा हुकूम आला की आठ दिवसांत आरोपी हजर करा.

चौथ्या दिवशी खबर स्वतःच्या पायांनी ठाण्यात आली. वालूरकडचा एक माणूस माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या चुलतभावाच्या घरात पिस्तूल हाय. हद्दीपलीकडून आणलंय. परवाच गोठ्यात बसून चकचकीत पुसायलाता. मी सोता बघितलं." एवढ्यावर न थांबता त्यानं गोठ्यात सापडलं म्हणून एक रिकामं काडतूसही माझ्या टेबलावर ठेवलं. माझी कळी खुलली. खबऱ्या पुरावाही घेऊन आला, याचा मला संशय यायला हवा होता. पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी माझी गत झाली होती.

पंच घेऊन आम्ही चुलतभावाच्या घरी झडती घेतली. हत्यार देव्हाऱ्यात सापडलं. खंडोबाच्या टाकाशेजारी तबकात ठेवलेलं, शेंदरानं नखशिखान्त माखलेलं जुनं रिव्हॉल्व्हर. त्यावर ना नंबर दिसत होता, ना कसलं चिन्ह. मी पंचनाम्यात लिहिलं, "ओळख लपवण्याकरिता हत्यारास शेंदूर फासलेला आहे." वाक्य मला फार आवडलं होतं. तेच मी रोजनाम्यातही उतरवलं.

घरधनी साधा शेतकरी होता. दोन दिवस मी त्याला नाना तऱ्हेनं प्रश्न विचारले. तो एकच सांगत राहिला, "साहेब, ते उडत न्हाई. देव हाय तो आमचा. आज्यानं हिंगोलीच्या छावणीतून आणलेला." कागद विचारला तर कागद नव्हता. सरकारी जवानावर गोळी आणि वर चोरटं हत्यार, त्या दिवसांत असा माणूस जन्माचा तुरुंगात गेलाच म्हणून समजा. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी त्यानं उत्तर बदललं नाही आणि तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा तोवरचा अनुभव. आणि जास्त सांगितलं होतं ते खबऱ्यानं.

तिसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याची बायको ठाण्यात आली. मी शिपायाला चाकूनं शेंदूर खरडायला सांगत होतो. ती मधे आडवी उभी राहिली.

"साहेब, देवाचं कवच माणसानं खरडू न्हाई. देव आपल्या मनानं टाकतो."

"बाई, शेंदराखाली काय आहे ते दिसलं नाही तर तुमचा माणूस सुटायचा नाही."

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मंग मीच विनवते त्याला. तुमी कोणी हात लावू नका."

ठाण्याच्या अंगणात तिनं पाट मांडला. कोमट करडईचं तेल घेतलं, हत्याराला हात जोडले आणि बोटांनी तेल जिरवू लागली. पंच बसले होते. परभणीच्या हत्यारखान्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनाही मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तासाभरानं भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा पहिला थर सुटला. त्याखाली दुसरा, जास्त काळपट. त्याखाली आणखी. दर खंडेनवमीचा एक हात, असे कित्येक वर्षांचे थर होते ते. नळीचं तोंड शेंदरानं दगडासारखं बुजलेलं, चाप जागचा हलेना. माझं आवडतं वाक्य तिथंच खोटं ठरलं आणि माझे कान तापले.

मग लोखंड दिसलं. मिस्त्री चष्मा पुसून वाकले. चौकटीवर विलायतेच्या राणीचा मुकुट. मुठीच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं आणि त्रेचाळीसचा आकडा. "हिंगोली के रिसाले का माल है," ते म्हणाले. बाजूला बाणाच्या टोकासारखी दोन बारीक चिन्हं होती, एकमेकांना भिडलेली. त्यांवर बोट ठेवून ते हसले. "साब, एक तीर रहा तो सरकारी माल. दो तीर मूँ को मूँ लगाको रहे तो सरकार खुद बेच दी बोलके समझना."

म्हणजे हत्यार चोरीचं नव्हतं आणि नवंही नव्हतं. फौजेनंच ते रीतसर विकलं होतं. मी तडक परभणीला घोडा पाठवून जुन्या परवान्यांचं बाड धुंडाळायला लावलं. त्यात नोंद मिळाली. हिंगोलीच्या रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाचा दफेदार, गाव वालूर, रिव्हॉल्व्हर त्रेचाळीस नंबर. शेतकऱ्याचा आजा!

आता खबऱ्याला बोलावलं. त्याच्यादेखत मिस्त्रींनी त्याचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या, शेंदूर काढून मोकळ्या केलेल्या घरात टाकलं. रांजणात बोर पडावं तसं ते आरपार खाली पडलं. शेंदरानं अजून लालसर दिसणारं ते लोखंड मी पुढं केलं. "हेच का ते चकचकीत पिस्तूल?"

त्याचा चेहरा उतरला. दोन घरांचे देव वेगळे होऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यानं त्या देव्हाऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याच्या आठवणीत होतं ते आज्याच्या हातातलं, रोज पुसलेलं हत्यार. आज्यामागं घरच्या बायकांनी त्याचा देव केला, हे त्याला माहीतच नव्हतं! "तुमच्या काडतुसाचं पिस्तूल कुठं आहे?" एवढंच मी विचारलं. संध्याकाळच्या आत ते त्याच्याच कडब्याच्या गंजीतून निघालं. नाक्यावरचा स्वार तोच होता.

त्या शेतकऱ्याला मी स्वतः दारापर्यंत सोडायला गेलो. मोहतमीम साहेबांची शाबासकी आली, पण खरं बक्षीस ठाण्याच्या अंगणात मिळालं. ती बाई वाटीत शेंदूर कालवून उभी होती. म्हणाली, "साहेब, देवाला तुमी उघडा केला. आता पहिला हात तुमीच लावा." मी टोपी काढली आणि लावला.

पोलिसानं समोर दिसलेल्या गोष्टीला आपल्या मनचं कारण चिकटवू नये, हे मी तिथं शिकलो. पुढं नोकरीभर पंचनाम्यात "करिता" हा शब्द लिहिताना माझा हात अडायचा. "शेंदूर आहे" एवढंच पोलिसानं लिहावं. कशाकरिता आहे, ते त्या घरच्या माणसाला विचारावं.

बऱ्याच वर्षांनी खंडेनवमीला त्या घरी गेलो. रिव्हॉल्व्हर पुन्हा लालभडक झालेलं. फक्त मुठीशी बोटभर जागा कोरी होती, राखेनं घासून लख्ख केलेली. तिथं ते दोन बाण चमकत होते. मी विचारायच्या आधीच बाई म्हणाली, "सगळा देव झाकते साहेब, तेवढा साक्षीदार उघडा ठेवते."