हंगाम संपल्यावर फोन करा

मी कामं उरकणारी बाई आहे. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या गल्लीत कुणाचं छप्पर गळत असून घरमालक दाद देत नसला, कुणाला काउन्सिलकडे तक्रार करायची असली, की लोक माझं दार वाजवतात. योग्य माणसाला योग्य वेळी फोन केला की बहुतेक गोष्टी मार्गी लागतात, असा माझा अनुभव होता.

शेजारीण पॅलेस्टिनी. तिचे वडील वेस्ट बँकमधल्या त्यांच्या गावात एकटेच राहतात. पणजोबांच्या वेळची ऑलिव्हची बाग आहे. कुणी नातेवाईक इकडे येताना तेलाचा डबा आणतो आणि त्यातली एक बाटली माझी असते. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आमची रीत मी तिला सांगितली होती, त्यामुळे बाटलीतून कधी शेंगदाण्याची चटणी जाते, कधी मेतकूट. मेतकूट ती दह्यावर घालून खाते.

बागेलगतच्या टेकडीवर इस्रायली वस्ती झाली. जमीन आमची, असं वस्तीतले म्हणतात. आमची, असं वडील म्हणतात. कोर्टात वाद चालू आहे. तोवर आपल्याच झाडांची फळं उतरवायला लष्कराची परवानगी लागते. मिळाली तर थोडे दिवस मिळते. गेल्या ऑक्टोबरात फळं तयार होती आणि वडिलांचा फोन लष्कराच्या ऑफिसात कुणी धड घेत नव्हतं.

"त्यांच्या भाषेत कुणी बोललं तर ऐकतील कदाचित," ती कुंपणापाशी सहज म्हणाली. मला तेवढं पुरलं.

हिब्रू येणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या होत्या. एकदा बसमध्ये मी मुलीला मराठीत झापत होते, तर मागून आवाज आला, "गाडीत नको ओरडूस गो पोरीला." तेव्हापासून त्या माझ्या मावशी. त्यांचे आईवडील अलिबागकडचे ज्यू, बोटीने इस्रायलला गेलेले. मावशींचा जन्म तिथल्या वाळवंटातल्या एका गावातला. मुलाच्या मागे त्या ऑकलंडला आल्या. मराठी मात्र कोकणातलं, जुनं.

"बाय, तिला चालेन का मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला चालेल का?"

"नातू तिथेच लष्करात ड्यूटीवर आहे माझा. कुठल्या नाक्यावर, ते सांगत नाही." मग म्हणाल्या, "येते. फळं काय आमच्यासाठी थांबणारेत?"

"मम्मा, यू कान्ट प्रोजेक्ट-मॅनेज धिस," मुलगी म्हणाली.

"एक फोन तर करायचाय," मी म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी, तिकडे ऑफिस उघडायच्या सुमारास, आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. मावशींनी खजूर आणले होते. शेजारणीने डबीवरचं लेबल वाचलं, खजूर कुठल्या देशाचे ते पाहिलं, आणि मग एक उचलला.

फोन स्पीकरवर ठेवला. बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. मग एका तरुण मुलाचा आवाज आला. हिब्रू मला कळत नाही, पण मावशींचा सूर कळत होता. आधी गोड, मग नेटाचा. त्याने काहीतरी विचारलं. मावशी अडखळल्या, शेजारणीकडे पाहिलं, आणि एकाच शब्दात उत्तर दिलं. आणखी थोडं बोलणं झालं आणि फोन बंद झाला.

मावशी माझ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, "त्या भागात बंदी आहे म्हणतो. हंगाम संपल्यावर फोन करा म्हणाला. तू सांग तिला. माझ्या तोंडून नको."

"मध्ये काय विचारत होता?"

"तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या कोण. शेजारीण म्हटलं."

लोकांना नकार कळवायची मला सवय आहे. व्हिसाचे, नोकरीचे, घरांचे. पण त्याच्यापुढे मी नेहमी जोडते, आता असं करू. या वेळी वाक्य इंग्रजीत सांगून झालं आणि पुढे काही नव्हतं.

शेजारणीने मान हलवली. मावशी समोर बसल्या असताना मला म्हणाली, "त्यांना माझे आभार सांग." मग तिथूनच वडिलांना फोन लावला. ते पहाटेपासून शिडी आणि झाडांखाली अंथरायच्या चादरी दाराशी घेऊन बसले होते. बोलणं लवकर संपलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, बरं, झाडांना कळवतो."

मावशींना हसू आलं, आणि आलं म्हणून त्या ओशाळल्या.

बस स्टॉपपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. "तो पोरगा माझ्या नातवाएवढा असेल," त्या म्हणाल्या. "नीट बोलला हो. आवाज पण चढवला नाही." बस येईपर्यंत त्या पर्सचा बंद हाताला गुंडाळत आणि सोडवत होत्या. "आईबापाची माती त्या देशात आहे माझ्या. मी काय म्हणू त्या पोराला?"

तिकडे रविवारी ऑफिस असतं, परत फोन करून बघू, एवढं मी म्हटलं. रविवारी केला. नुसती रिंग वाजत राहिली. सोमवारी, मंगळवारीही तेच.

पुढे एकदा कपडे वाळत घालताना शेजारीण म्हणाली, वडिलांना गच्चीवरून बाग दिसते. झाडांखालची जमीन गळलेल्या फळांनी काळी झाली आहे. मी विचारलं, अजून कुठे अर्ज करता येईल का? ती म्हणाली, "तुझी चादर खाली लोळतेय बघ."

तिची बाटली माझ्या खिडकीत धुऊन ठेवलेली आहे. यंदा डबा आला नाही. चटणी दोनदा केली. दोन्ही वेळा बाटलीत भरायला घेतली आणि बरणीत भरली. बाटली परत गेली की ती तिच्याकडे रिकामी होणार, आणि मग तेल नसताना तिला त्यात काहीतरी भरावं लागणार. माझ्याकडे आहे तोवर तो प्रश्न तिच्यापुढे येत नाही. एवढंच मला करता येण्यासारखं आहे. तीही बाटली मागत नाही.