आपल्याच बोटीचं लोखंड

आमच्या ह्यांना बंदरावर सगळे 'चुंबक' म्हणतात. नावं ठेवायला काय जातंय लोकांचं! पाण्याखाली बुडालेलं लोखंड शोधायचं, हे ह्यांचं काम. बोटीमागे लांब केबलला बांधून एक यंत्र ओढत न्यायचं. त्याला हे लोक 'मासा' म्हणतात. खाली लोखंड असलं की पडद्यावरची रेघ उसळते. केबल मात्र लांबच हवी, नाहीतर मासा आपल्याच बोटीचं लोखंड दाखवत बसतो. नव्या माणसांना हे पढवणारे कोण, तर हेच.

आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. शेजारच्या वहिनींचे यजमान लाँच घेऊन गेले ते वादळानंतर परतलेच नाहीत. पाण्यावर नुसता तेलाचा तवंग दिसला. हे शोधायला गेले. खडकावर मासा आपटू नये म्हणून केबल आखडून घेतली, ती पुन्हा सोडायची राहिली. बोट वळली, रेघ उसळली आणि हे वायरलेसवर ओरडले, "सापडली!"

धक्क्यावर वहिनी मटकन खाली बसल्या. कोणीतरी धावत जाऊन यजमानांसाठी स्ट्रेचर आणलं. पाणबुडे खाली गेले, ते रिकाम्या हातांनी वर आले.

"प्रवाहानं सरकली असेल," हे घरी येऊन म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात. दुसऱ्या दिवशी पाणबुडे पुन्हा तिथेच चिखल चाचपायला निघाले, तेव्हा कुठे ह्यांनी मला खरं सांगितलं.

मी भडकलेच. "अहो, मग तिकडे सांगायला काय जीभ झडली? माणसं नको तिथे बुड्या मारतायत!"

"कोणत्या तोंडानं सांगू? शरमेनं मेल्यासारखं झालंय गं."

"आहे त्याच तोंडानं!"

आधी साहेबांना सांगून आले, मग वहिनींच्या दारात गेले. मी मागे. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, चूक माझी. काल सापडली ती लाँच नव्हतीच. आमच्याच बोटीचं लोखंड होतं."

मला वाटलं, आता ही बाई चप्पल काढते. काढावीच, असंही वाटलं. पण वहिनींचा चेहरा खुलला.

"म्हणजे लाँच बुडालीच नाही! तरी मी म्हणतच होते. लागले असतील कुठेतरी किनाऱ्याला." त्यांनी आत हाक मारली, "आई, ऐकलंत का?" आणि ह्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाहेर आल्यावर हे भिंतीला टेकले आणि म्हणाले, "दुपारी पुन्हा जायचंय. आज ती लाँच तळाशी सापडणार गं." आणि भर रस्त्यात रडायला लागले.