जाळरेषेवर झाडं नकोत

फेब्रुवारीत माळावर बघण्यासारखं काय असतं, असं घरात सगळ्यांनी विचारलं. मी स्कूटरची टाकी भरली आणि निघाले. उपग्रहाच्या चित्रांवरून वनस्पतींचे नकाशे करणं हे माझं काम. त्यात दौंड-शिरूरचे माळ तपकिरी दिसतात आणि लोक त्यांना पडीक म्हणतात. मला ते पायी बघायचे होते.

सोलापूर रस्त्यानं भांडगाव गाठलं. हायवेलगत पोहे खाऊन माळावर शिरले. गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनमधून हिवर आणि बाभळी. सावली विरळ आहे, कारण हे रान असंच असतं. जाड पँट घाला, कुसळं सोडत नाहीत. काडेपेटी नेऊ नका. मुक्कामाला दौंडमध्ये साधी लॉज मिळते.

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून, उसाच्या ट्रॉल्यांमागून निमोण्याला पोचले. मैत्रिणीचे आप्पा तिथे राहतात. त्यांच्या घरची मेंढरं आता थोडीच उरली आहेत, पण ती रानाशेजारच्या गवतावरच जगतात. रान आणि ते गवत यांच्यामध्ये जाळरेषा आहे. गवत कापून, जाळून मोकळी ठेवलेली ही पट्टी. आग आलीच, तर इथं थांबावी म्हणून.

त्या सकाळी पट्टीवर रांगेनं खड्डे होते. एका कारखान्याचे लोक टँकर, पाचटाची ट्रॉली आणि रोपं घेऊन आले होते. मोकळी जागा दिसली, म्हणून झाडं. ओल टिकावी म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती उसाचं वाळलेलं पाचट. म्हणजे आगीला पलीकडे जायला वातच.

"आप्पा, थांबवा ना त्यांना."

"सरपंचांनी बोलावल्यात. तुम्ही जाल निघून, मला हितंच ऱ्हायचंय."

मी पाचट उचलून परत ट्रॉलीत टाकायला लागले. हिरवी टोपी घातलेले कारखान्याचे साहेब धावत आले.

"मॅडम, तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?"

"इथे, हो."

"मार्चआधी आम्हाला हे पूर्ण करायचंय!"

"मग शाळेच्या कुंपणाला लावा. तिथे नळ आहे."

एक कामगार हळूच म्हणाला, "दीदी, पहले फोटो हो जाने दो, फिर हम ही निकाल देंगे."

मी थांबले नाही. हसत हसत तोही पाचट उचलू लागला. सगळ्या खड्ड्यांभोवतालचं पाचट उचलून झाल्यावर साहेबांनी रोपं शाळेकडे वळवली. आप्पा बांधावरून उठले नाहीत.

परतताना सणसवाडीच्या गर्दीत मी तासभर अडकले. घरी पोचेपर्यंत तिथं कुणीतरी काढलेला माझा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, खाली 'झाडांची शत्रू'.

यंदा त्या रानात आग लागली नाही. म्हणून मी उगाच तमाशा केला, असं काही जण म्हणतात. म्हणोत. पावसाळ्यात आप्पांना फोन केला.

"माझ्यामुळे त्रास झाला ना?"

"व्हय, झाला. सरपंच अजून बोलत न्हाईत." मग म्हणाले, "पट्टी मोकळी हाय पण."

हिवाळ्यात पट्टी साफ करायला मी पुन्हा जाणार आहे. तसं सरपंचांनाही कळवलं आहे.