हिंमतरावांची रायफल

निशाणबाजीचा नाद लागलेल्या शेखरला परवाना मिळाला, तसा तो जुन्या पॉइंट टू-टू रायफलीच्या शोधात निघाला. जळगाव जामोदच्या हिंमतरावांकडे त्यांच्या वडिलांच्या काळातली एक होती. हात थरथरू लागल्यामुळे ते आता ती विकणार होते.

रायफल समोर आली, पण शेखरने तिला लगेच हात लावला नाही. लाकूड सुरेख होतं, पण नळीत गंज असला तर?

"रिकामी हाय बे, भिऊन काऊन राह्यला?" हिंमतराव हसले.

तरी त्याने नळी अंगणातल्या मातीकडे वळवून बोल्ट मागे ओढला. आतून एक जिवंत काडतूस टणकन फरशीवर पडलं. त्याच्या बुडाच्या कडेवर फायरिंग पिनच्या माराची खूण होती. म्हणजे कधीतरी चाप ओढला गेला होता, पण गोळी सुटलीच नव्हती.

हिंमतरावांच्या पत्नी शालूबाई दारातून पाहत होत्या. "दर दसऱ्याले मीच पुसतो हिले," त्या पुटपुटल्या, "मांडीवर घेऊन."

"घेऊन जाय रे हिले," हिंमतराव म्हणाले.

बंदुकीच्या कारागिराने तपासून दिल्यावर, परवान्यावर नोंद चढवून शेखरने ती घेतली. पण रेंजवर पहिल्यांदा चाप ओढताना त्याचे डोळे आपोआप मिटले, आणि गोळी निशाणाबाहेर मातीत गेली.